उत्तरेची भिंत

आफ्रिकेतल्या बोत्स्वानात, मोलेपोलोले गावी मी पोचले ती जानेवारीत, संक्रांतीच्या चार दिवस आधी. शाळेच्या आवारातच राहायला घर मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा. झोपायची खोली कुठली हे मी पाच मिनिटांत ठरवलं. दक्षिणेकडच्या खोलीत सकाळी कोवळं ऊन तिरपं आत आलेलं दिसलं. सोलापूरच्या आमच्या घरीही थंडीतलं ऊन दक्षिणेच्याच खिडकीतून येतं. डिसेंबरात आई त्या खिडकीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसते. मी पलंग तसाच खिडकीला लावला आणि उत्तरेच्या खोलीत रिकाम्या बॅगा नि वह्यांचे गठ्ठे टाकले.

जूनमध्ये त्या खोलीत मी जशी कुडकुडले तशी आयुष्यात कधी कुडकुडले नव्हते.

बोत्स्वाना म्हटलं की आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढे हत्ती येतात, कलहारीचं वाळवंट येतं आणि रणरणतं ऊन येतं. माध्यमिक शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली तेव्हा आमच्या घरी कुणालाच थंडीची आठवण झाली नाही. सोलापूरच्या माणसाला उन्हाची भीती नसते, एवढ्या एका भांडवलावर मी निघाले. एक स्वेटर घेतला, तोही विमानातल्या एसीसाठी. आईने तेवढी बॅगेच्या तळाशी एक सोलापुरी चादर घातली. वजन वाढतंय म्हणून मी ती काढून ठेवली, तिने परत घातली. "असू दे, अंथरायला होईल," म्हणाली.

पहिले तीन महिने आईची चादर कपाटातच होती. जानेवारी-फेब्रुवारीत पारा ३५ अंशांच्या वर, पत्रा तापलेला, रात्री खिडक्या सताड उघड्या. मार्च सरला, एप्रिलमध्ये संध्याकाळची हवा बरी वाटायला लागली. मग मे महिन्यात दुसरं सत्र सुरू झालं आणि एका पहाटे जाग आली ती पाय गार पडले म्हणून.

मी या थंडीचं आधी काही ऐकलं नव्हतं, म्हणून ती कशी असते ते जरा नीट सांगते. मे ते सप्टेंबर इथे पाऊस जवळजवळ नसतोच. आभाळ स्वच्छ निळं, हवा कोरडी, गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. ढगांचं पांघरूण नाही आणि हवेत ओल नाही, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब आभाळाला देऊन टाकते. जुलैत दुपारी २२-२३ अंश आणि पहाटे ३-४. एखाद्या रात्री शून्याच्याही खाली. म्हणजे चोवीस तासांत वीस अंशांचा फरक. सोलापुरात डिसेंबरातल्या पहाटे १५-१६ अंशांना आम्ही कानाला मफलर गुंडाळतो.

आणि घरं बांधलेली उन्हाळ्यासाठी. पातळ ब्लॉकच्या भिंती, लोखंडी चौकटीच्या खिडक्या, दाराखाली बोटभर फट. शाळेत किंवा घरात खोली गरम करायची बांधीव सोय नाही. सूर्य मावळला की पत्रा आकसायला लागतो आणि टक, टक, टक असा आवाज येतो. पहिल्या दिवशी मला वाटलं छपरावर कुणी खडे टाकतंय. नंतर नंतर तो आवाज सुरू झाला की पोटात गोळा यायचा, कारण त्यानंतर बारा-तेरा तास घरात बाहेरच्याइतकीच थंडी असणार हे कळलेलं असायचं. सकाळी तर घराच्या आत बाहेरपेक्षा जास्त गार. आपल्याकडे थंडी वाजली की माणूस घरात शिरतो. मीही तेच करत राहिले, आणि तिथेच चुकत राहिले.

शाळेचा पहिला तास सव्वासातचा. जूनच्या शेवटाला सूर्य उगवतो सातला दोन-चार मिनिटं कमी असताना, म्हणजे मुलं अंधारात घरून निघतात. काही चार-चार, पाच-पाच किलोमीटर चालत येतात. एका सहकाऱ्याने प्रयोगशाळेतला थर्मामीटर माझ्या वर्गात टांगून दाखवला: पहिल्या तासाला ७ अंश. चाळीस मुलं एका वर्गात बसून ७ अंश. मुलांनी जर्सीच्या बाह्या ओढून बोटांवर घेतलेल्या असायच्या, पेन बाहीतूनच धरलेलं. समीकरण लिहायला सांगितलं की अक्षरं हलायची. आधी मला वाटलं मुलं आळस करताहेत. मग एका मुलीच्या वहीवर हात ठेवताना तिच्या बोटांना माझी बोटं लागली. बर्फासारखी होती. त्या दिवसापासून पहिल्या तासाला मी लेखी काम देणं बंद केलं. पाढे, तोंडी गणितं, फळ्यापाशी उभं राहून सोडवायचं, वर्गात फिरून एकमेकांना प्रश्न विचारायचे. लेखी सगळं साडेनऊनंतर. शिकवण्यातला हा बदल मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितला नव्हता. तो थंडीने करायला लावला आणि मुलांची तोंडी गणितं त्या सत्रात फार सुधारली.

मधल्या सुटीत मी मात्र शिक्षकांच्या खोलीत दार लावून बसायचे, दोन ओढण्या गुंडाळून. बाकीचे सगळे कुठे जातात हे मी पाहिलंच नव्हतं. एक दिवस शाळेच्या स्वयंपाकघरातल्या वयस्क बाई चहाचा मोठा टिनाचा मग घेऊन दारात आल्या. "दुमेला, म्मा," म्हणाल्या. इथे कुठल्याही बाईला 'म्मा' म्हणायचं, त्यात बाई आणि आई दोन्ही आलं, आणि नमस्कार केल्याशिवाय कामाचं एक अक्षर काढायचं नाही. मग त्यांनी माझा दंड धरला आणि सरळ बाहेर नेलं. म्हणाल्या, "ओरा."

मला शब्द कळला नाही, पण दृश्य कळलं. वर्गांच्या रांगेच्या उत्तरेच्या भिंतीला टेकून सगळी शाळा उभी होती. शिक्षक, मुलं, झाडूवाल्या बाई, कार्यालयातला कारकून. ओळीने, पाठी भिंतीला, तोंडं उन्हाकडे, कित्येकांचे डोळे मिटलेले. कुणी फार बोलत नव्हतं. मला मधे जागा करून दिली. भिंत गरम होती. पाठीचा कणा खालून वर एकेक मणका सैल होत गेल्यासारखं वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं.

'ओरा' म्हणजे शेकणं. विस्तवाला शेकतात तोही ओरा आणि उन्हाला बसतात तोही ओरा. आपण 'ऊन खात बसलो' म्हणतो तसंच. तिथे उभी राहिल्यावर माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. ही भिंत उत्तरेची होती. ऊन उत्तरेकडून येत होतं. मुख्याध्यापकांच्या छपरावरच्या सोलर बंबाचं तोंड उत्तरेला होतं, आवारातल्या जुन्या घरांचे ओटे उत्तरेला होते, आणि मी गणिताची बाई, पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात पाच महिने राहून पलंग दक्षिणेच्या खिडकीला लावून झोपत होते. जानेवारीत सूर्य दक्षिणेला सरकलेला असतो, म्हणून तेव्हा त्या खिडकीत सकाळचं ऊन येत होतं. मे ते ऑगस्ट त्या भिंतीला उन्हाचा एक किरण लागत नाही. मी घरातली सगळ्यात गार खोली निवडली होती.

त्याच संध्याकाळी पलंग हलवला. शेजारच्या, सेत्स्वाना ही इथली भाषा शिकवणाऱ्या बाई मदतीला आल्या. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, फक्त पलंग उत्तरेच्या भिंतीला लावल्यावर हाताने भिंत थोपटली. पुढची शहाणपणाची शिकवणीही त्यांचीच. सकाळी शाळेला जाताना उत्तरेचे पडदे पूर्ण उघडे ठेवायचे. साडेचारला, ऊन उतरायच्या आधी, पडदे बंद. पाचला केले तर उशीर झाला. दाराच्या फटीला जुन्या टॉवेलची वळकटी. खिडकीच्या लोखंडी चौकटीला वर्तमानपत्राच्या घड्या. आणि झोपताना पांघरुणं वर वाढवत जाण्याआधी खाली घालायची, कारण गारवा कोब्यातून आणि गादीतून वर येतो. आई म्हणाली होती ते अगदी खरं ठरलं; चादर अंथरायलाच लागली. गादीवर ती दुहेरी घातली त्या रात्री मी सलग सहा तास झोपले.

जून महिन्याला सेत्स्वानात 'सेएतेबोसिखो' म्हणतात. (इथला 'ग' घशातून, आपल्या 'ख'च्या जवळचा येतो, म्हणून मी ऐकू येतं तसं लिहितेय.) या नावाचा अर्थ लोक सांगतात तो असा: रात्री कुणाकडे जाऊ नकोस. महिन्याच्या नावातच सूचना. अंधार पडल्यावर गाव खरंच चिडीचूप होतं. प्रत्येक अंगणात एक विस्तव, त्याभोवती माणसं, आणि गावावर धुराचा एक पातळ पट्टा आडवा पसरलेला.

आता एक गोष्ट सांगते, जी सांगायची म्हणूनच मी हे लिहायला बसले असं म्हटलं तरी चालेल.

जूनचा तिसरा आठवडा होता. संध्याकाळी वीज गेली. माझ्याकडे छोटा विजेचा हीटर होता, तो बंद. शेजारच्या अंगणात मोत्स्वेरीच्या लाकडाचा विस्तव होता. हे लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं, आणि एकदा पेटलं की निखारा सकाळपर्यंत टिकतो. भोकं पाडलेल्या टिनाच्या डब्यात मी त्यातले निखारे मागून आणले. माझ्या लहानपणी आजीच्या खोलीत शेगडी असायची, बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी असायची, हेच डोक्यात. धूर पूर्ण जाऊ दिला. निखारे लालबुंद, एकही काळा कोळसा नाही, तेव्हाच डबा आत घेतला. दाराच्या फटीला टॉवेल होता, चौकटींना वर्तमानपत्र होतं. म्हणजे खोली मी अगदी व्यवस्थित बंद केलेली होती.

वह्या तपासता तपासता डोकं दुखायला लागलं. मला वाटलं चष्म्याचं. मग मळमळलं. मग झोप यायला लागली, फार गोड, फार जड झोप. उठून पाणी प्यावं असं मनात आलं आणि पाय उचलेनात. मला त्याची भीतीही वाटली नाही, हे आज आठवलं की अंगावर काटा येतो. शेजारच्या बाईंनी डबा परत न्यायला म्हणून दार वाजवलं. मी उत्तर दिलं ते त्यांना बडबडल्यासारखं वाटलं. त्यांनी दार ढकललं, मला बखोट्याला धरून अंगणात ओढलं, डबा बाहेर फेकला. बाहेर मी उलटी केली. रात्री त्यांच्या भावाच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, तिथे ऑक्सिजन लावला.

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. धूर गेला म्हणजे धोका गेला, असं आपल्याला वाटतं. पण धूर नसलेला लाल निखाराही तो वायू सोडत राहतो. रक्तात तो ऑक्सिजनची जागा घेऊन बसतो आणि माणूस झोपेतच जातो. आजीच्या खोलीला कौलं होती, कौलांतून, वाशांमधून हवा खेळत होती. पत्र्याच्या, टॉवेल लावलेल्या खोलीत तसं नव्हतं. महाराष्ट्रातही थंडीत बंद खोलीत शेगडी घेऊन झोपणारी घरं आहेत, आणि गॅस गीझर लावलेल्या, खिडकी नसलेल्या न्हाणीघरातही हाच वायू साचू शकतो. कुणाच्या घरी असं असेल तर कृपा करून आज रात्रीच ते बंद करा. विस्तव अंगणात. अंगणातच शेकायचं, अंग गरम झालं की आत येऊन पांघरुणात शिरायचं, पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी. मी तेव्हापासून तेवढंच करते.

त्या रात्रीनंतर मी शेजारच्या विस्तवापाशी रोज संध्याकाळी जायला लागले. आधी संकोचाने जात नव्हते. कुणी बोलावलं नाही, कसं जायचं. नंतर कळलं की इथे विस्तव पेटलेला दिसणं हेच बोलावणं.

बाकीच्या गोष्टी लवकर सवयीच्या झाल्या. हवा इतकी कोरडी की ओठ फुटायचे, टाचांना भेगा, सकाळी नाकातून रक्ताचा ठिपका. खोबरेल तेलाची बाटली मे ते ऑगस्ट दगड झालेली. ती उन्हात ठेवून मग वापरायची. मुलं सकाळी तोंडाला, हातापायांना भरपूर व्हॅसलीन चोळून येतात, मीही तेच करते. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं, ते मुद्दाम प्यावं लागतं. धुतलेले कपडे मात्र थंडीतही दुपारच्या उन्हात तासाभरात खडखडीत वाळतात.

जेवणाने मला फार आधार दिला. इथल्या मुख्य धान्यांतलं एक ज्वारी, तिला माबेले म्हणतात. सोलापूरच्या मुलीला आणखी काय पाहिजे! दळण जाडसर मिळतं, त्यामुळे भाकरी कडेला चिरते, पण उकड काढून थापली की नीट होते. मधल्या सुटीत शाळेत मुलांना मोतोखो मिळतं, म्हणजे ज्वारीच्या पिठाची पातळ पेज. ती आंबवलेल्या पिठाची असली की चव थेट आपल्या आंबिलीची. पहिला घोट घेतला आणि मी स्वयंपाकघरातल्या त्या बाईंना विचारलं, पीठ किती दिवस भिजवलं? दोन, त्या म्हणाल्या. माझी आजीही थंडीत दोन आणि उन्हाळ्यात एकच दिवस ठेवायची. चवळीचा पाला वाळवून ठेवतात आणि थंडीत शिजवतात, त्याला मोरोखो म्हणतात. त्यात मी शेंगदाण्याचं कूट घालते. बाजरीलाही शब्द आहे, लेबेलेबेले. बाजरीचं पीठ आणि तीळ-गूळ आणायला मात्र राजधानी गॅबोरोनला जावं लागतं, पन्नास किलोमीटर, कोंबीने, म्हणजे भाड्याच्या मिनीबसने. तिथल्या भारतीय दुकानांत सगळं मिळतं.

तीळ-गुळाचं सांगते. मी आले त्या संक्रांतीला केलेले लाडू घामाने चिकट झाले होते. चव लागेना. अंगाला नको होते ते. संक्रांतीचं खाणं हे थंडीचं खाणं, त्याचं तारखेशी नातं नाही, हे मला इथे जून उजाडल्यावर समजलं. पोट आपोआप तीळ मागायला लागलं, बाजरीची भाकरी आणि लोणी मागायला लागलं. आणि गंमत अशी की मकरवृत्त मोलेपोलोलेपासून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवरून जातं. महालाप्येच्या रस्त्यावर त्याची पाटी आहे. सोलापुरात आम्ही ज्या मकरसंक्रमणाचे तिळगूळ वाटतो ती रेघ इथे माझ्या डोक्यावर आहे.

२१ जूनला मी तिसरीच्या वर्गाला, म्हणजे आपल्या नववी-दहावीच्या वयाच्या मुलांना, मैदानात नेलं. एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ रोवली. इथे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य सगळ्यात उंच आलेला नसतो, त्याला बारा वीस लागतात. तोवर मुलांनी दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवला. सगळ्यात आखूड सावली ११० सेंटिमीटर. सावली दक्षिणेला. कोष्टक काढून कोन शोधला: ४२ अंश. सूर्य उत्तरेच्या आकाशात एवढाच वर चढतो, म्हणून थंडी. एका मुलाने विचारलं, म्मा, तुमच्या गावी आता सावली केवढी? त्याला म्हटलं, तूच काढ, माझं गाव उत्तर अक्षांश १७.७. त्याने वहीत गोल काढला, खोडला, परत काढला. उत्तर आलं १० सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेलाच. वर्ग बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसला. तो माझ्या शिकवण्यातला एक अतिशय आनंदाचा तास आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याच जागी, त्याच काठीची सावली सहा सेंटिमीटर भरली. मुलांनीच आठवण करून मला मैदानात नेलं होतं.

त्या २१ जूनच्या रात्री मी तिळाचे लाडू वळले. त्या दिवशी सूर्य उत्तरेच्या टोकावरून फिरतो आणि दक्षिणेकडे यायला लागतो. आपल्याकडे दक्षिणायन म्हणजे दिवस लहान होत जायचे. इथे त्याच दिवसापासून ऊब परत यायला निघते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत उत्तरेच्या भिंतीपाशी डबा फिरवला. स्वयंपाकघरातल्या बाईंनी एक खाल्ला आणि एक रुमालात बांधून नातवासाठी ठेवला. आता दर वर्षी जूनमध्ये मला विचारतात, तिळाचे कधी?

जुलैत शेजारच्या बाईंची आई गेली. इथे दफन शनिवारी पहाटे होतं, आणि त्याआधी आठवडाभर रोज संध्याकाळी अंगणात प्रार्थना. बायकांनी डोकं झाकायचं, खांदे झाकायचे. लग्न झालेल्या बायका चौकडीची एक लोकरी शाल अंगाभोवती घेतात, तिला मोखाखोल्वाने म्हणतात. माझ्याकडे तशी शाल नव्हती. गादीवरची चादर काढली, झटकली, घडी घालून खांद्यांवर घेतली. मरून रंगाची, कडेला मोरांची नक्षी. मनात धाकधूक होती की अंथरायची वस्तू पांघरून जाणं बरं दिसेल का.

पहाटे साडेपाचला निघालो. गवतावर पांढरं पडलेलं होतं, पायाखाली करकरत होतं. अंगणात रात्रभर पुरुष विस्तवाभोवती बसलेले. तीन पायांच्या काळ्या हंड्यांत मांस आणि ज्वारीचं घट्ट बोखोबे शिजत होतं. बायका तंबूत चटयांवर, पाय लांब करून, एकमेकींना खेटून. मी एका म्हाताऱ्या बाईंच्या शेजारी बसले. अंधारात गाणं सुरू झालं, एका बाईने उचललं आणि मागून सगळ्यांनी. बोलता बोलता नाही, गाता गाता त्या म्हाताऱ्या बाईंचा हात माझ्या चादरीवर आला. त्यांनी काठ दोन बोटांत धरून चोळून पाहिला, जाडी अजमावली, उलटून मागची बाजू पाहिली. मग चादरीचं एक टोक ओढून स्वतःच्या गुडघ्यांवर घेतलं आणि आपल्या शालीचं टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं. गाणं थांबलं नाही. दफनभूमीवर पुरुषांनी पाळीपाळीने फावडी चालवून खड्डा भरला, तोवर पूर्व तांबडी झाली. परत आल्यावर फाटकापाशी ठेवलेल्या पाण्यात सगळ्यांनी हात धुतले. आपल्याकडेही स्मशानातून आलं की पाण्याला हात लावल्याशिवाय आत येत नाहीत. मग चहा आणि गरम माख्विन्या, तेलात तळलेले पिठाचे गोळे, एकेक हातात.

आईला मी हे फोनवर सांगितलं. चादर कुठे कुठे गेली ते सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "त्या म्हाताऱ्या बाईंना थंडी नाही ना वाजली?"

ऑगस्टमध्ये वारा सुटतो. कोरफडीच्या जातीच्या झाडांना इथे ऐन थंडीत फुलं येतात, लाल-केशरी तुरे. ते वाऱ्याने झडतात. दिवसभर धूळ, संध्याकाळी दात करकरतात, फळ्यावर बोटाने लिहिता येईल इतका थर. पहिल्या तासाला थर्मामीटर १२ दाखवायला लागला, मग १५. मुलांनी बाह्या कोपरापर्यंत सारल्या. मी पहिल्या तासाला परत लेखी गणितं द्यायला लागले.

महिन्याच्या शेवटाला एक दिवस सुटीत मी नेहमीसारखा चहाचा मग घेऊन उत्तरेच्या भिंतीपाशी गेले. कुणी नव्हतं. भिंतीवर पाठींनी घासून घासून कमरेच्या उंचीला एक गुळगुळीत पट्टा झालेला तेवढा दिसत होता. सगळी शाळा पलीकडे, झाडाच्या सावलीत बसली होती, आणि स्वयंपाकघरातल्या बाई तिथूनच मला हात करत होत्या.